नावाड्याचा मुलगा : हेरमान हेसे आणि ‘सिद्धार्थ’मागचे घर

कोकणातल्या आमच्या जुन्या घराची शाकारणी चालू असताना एक कौल माझ्या हातात आले. मूळचे गावठी नळे काढून आजोबांनी कधी तरी मंगळुरी कौले चढवली होती. त्या कौलाच्या पाठीवर इंग्रजी अक्षरांत ‘बासेल मिशन’ असा ठसा उमटवलेला होता आणि त्याखाली १८६५ हे साल. लहानपणी पावसाळ्यात त्याच कौलांखाली आडवा होऊन मी जी पुस्तके वाचली, त्यांत हेरमान हेसेची ‘सिद्धार्थ’ ही कादंबरी होती. कौल आणि कादंबरी यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असे तेव्हा मनातही आले नव्हते.

संबंध आहे, आणि तो दूरचा नाही. स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरातून ही प्रोटेस्टंट मिशन १८३४ मध्ये मंगळूरला आली. बाटलेल्या लोकांना जातीबाहेर टाकले की त्यांचा रोजगार जाई. त्यांच्या हाताला काम मिळावे म्हणून मिशनने विणकामाचे आणि कौलांचे कारखाने काढले. कौलांचा पहिला कारखाना १८६५ चा. धारवाड-हुबळीपासून मलबारपर्यंत या मिशनची ठाणी होती. कानडीचा मोठा कोश रचणारे किटेल याच मिशनचे. मल्याळमचा कोश रचणारे हेरमान गुंडर्टही याच मिशनचे. हे गुंडर्ट म्हणजे हेरमान हेसेचे आजोबा, आईचे वडील. नातवाला नावही त्यांचेच मिळाले.

‘सिद्धार्थ’ हे पाश्चात्त्य लेखकाने भारतीय अध्यात्माला घातलेले दंडवत आहे, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. मीही अनेक वर्षे ती कादंबरी तशीच वाचली. ब्राह्मणाचा मुलगा, श्रमण, बुद्ध, नदी, ओंकार, सगळे आपलेच. पुढे हेसेचे आयुष्य, त्याच्या घराण्याची कागदपत्रे आणि त्याचे आत्मपर लेखन यांचा मागोवा घेताना ही समजूत हळूहळू ढासळत गेली. तिच्या जागी काय उभे राहिले, तेच या लेखात मांडायचे आहे.

*

गुंडर्ट १८३६ मध्ये भारतात आले. ट्यूबिंगन विद्यापीठात शिकलेला हा तरुण भाषांच्या बाबतीत असामान्य होता. तलश्शेरीजवळ इल्लिक्कुन्नू येथे त्यांचा बंगला होता. १८४७ मध्ये त्यांनी तिथून ‘राज्यसमाचारम्’ हे मल्याळममधले पहिले नियतकालिक काढले. त्यांचे मल्याळम व्याकरण आणि १८७२ चा मल्याळम-इंग्रजी कोश आजही अभ्यासकांच्या हाताशी असतात. मराठी वाचकाला तुलना हवी असेल तर मोल्सवर्थची आठवण करावी. १८३१ च्या त्याच्या कोशाचे जे स्थान आपल्या भाषेत आहे, तेच गुंडर्टच्या कोशाचे मल्याळममध्ये आहे.

त्यांची मुलगी मारी १८४२ मध्ये तलश्शेरीला जन्मली. मिशनरी कुटुंबांच्या रिवाजाप्रमाणे तिला लहानपणीच युरोपात ठेवले गेले आणि आईवडील परत मलबारला आले. हिंदुस्थानातली हवा मुलांना मानवत नाही, इथले वळण लागू नये, आणि देवाचे काम पोराबाळांपेक्षा मोठे, अशी या रिवाजामागची कारणे. आईवडिलांशिवाय वाढलेली ही मुलगी कुमारवयात पुन्हा भारतात आली, तेव्हा तिला त्यांची नव्याने ओळख करून घ्यावी लागली. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. या घराण्यात परमार्थासाठी मुले मागे ठेवण्याची सुरुवात इथे होते.

मारीचा पहिला नवराही मिशनरीच होता. १८७० मध्ये तो वारला. पुढे १८७४ मध्ये तिने योहानेस हेसे यांच्याशी लग्न केले. ते एस्टोनियात जन्मलेले बाल्टिक जर्मन. मलबारच्या किनाऱ्यावर मिशनचे काम करताना प्रकृती ढासळली आणि चार वर्षांत त्यांना युरोपला परतावे लागले. जर्मनीतल्या काल्व या गावी गुंडर्ट मिशनचे प्रकाशनगृह चालवत होते. जावई त्यांच्या हाताखाली कामाला लागले. तिथे २ जुलै १८७७ रोजी हेरमानचा जन्म झाला.

काळ्या अरण्याच्या काठावरचे काल्व हे लहानसे गाव. मधून नागोल्ट नदी वाहते. या गावातल्या त्या घरात मलबारचा अंश होता. आई आणि आजोबा आपसात मल्याळम बोलत. आजोबांच्या काचेच्या कपाटात नाचणाऱ्या देवाची एक छोटी मूर्ती होती. पूर्वेकडून आलेले पाहुणे, चंदनाचा वास, ताडपत्रे, अनेक लिप्यांतली पुस्तके यांचे वर्णन हेसेने पुढे आठवणींत मोठ्या मायेने केले आहे. त्याचा भारत हा असा कपाटातला आणि आईच्या गाण्यांतला होता.

त्याच घरात दुसरीही एक गोष्ट होती. या कुटुंबाचा पंथ पीएटिस्ट, म्हणजे अंतःकरणशुद्धीवर आणि कडक आत्मपरीक्षणावर भर देणारा प्रोटेस्टंट पंथ. माणसाची इच्छा मुळातच पापी असते, ती लहानपणीच मोडली पाहिजे, तरच ईश्वरी कृपेला जागा होते, अशी त्याची शिकवण. हेसेच्या आईवडिलांना क्रूर म्हणता येणार नाही. ती प्रेमळ, सुसंस्कृत आणि आपल्या श्रद्धेशी कमालीची प्रामाणिक माणसे होती. पण मुलाची इच्छा मोडत नव्हती.

*

१८९१ मध्ये चौदा वर्षांच्या हेरमानला माउलब्रॉनच्या धर्मविद्यालयात घातले. जुन्या ख्रिस्ती मठाच्या इमारतीतली ही शाळा म्हणजे धर्मोपदेशक होण्याची पहिली पायरी. पुढल्या मार्चमध्ये तो तिथून पळाला आणि कडाक्याच्या थंडीत एक रात्र त्याने उघड्यावर काढली. दुसऱ्या दिवशी शिपायाने त्याला परत आणले. त्यानंतरचे वर्ष भयंकर आहे. प्रार्थनेने रोग बरे करणाऱ्या एका धर्मगुरूकडे पाठवणी, तिथे आत्महत्येचा प्रयत्न, मग मतिमंद आणि अपस्माराच्या मुलांसाठी असलेल्या संस्थेत रवानगी. तिथून त्याने वडिलांना लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. पंधरा वर्षांचा मुलगा बापाला परक्या माणसासारखे संबोधतो आहे. त्या पत्रांत राग आहे, पण त्याच्याखाली एकच मागणी आहे : मी जसा आहे तसा मला घरात घ्या.

आजोबांची एक आठवण त्याने जपून ठेवली होती. माउलब्रॉनच्या प्रकारानंतर त्यांच्यासमोर जायचे म्हणून तो घाबरलेला होता. म्हाताऱ्याने रागावण्याऐवजी मिस्कीलपणे विचारले, प्रतिभावंतांसारखी छोटीशी सहल करून आलास म्हणे! कोशकाराला शब्द नेमका सापडला होता. गुंडर्ट १८९३ मध्ये वारले.

पुढे हेसेने काल्वमधल्या घड्याळाच्या कारखान्यात उमेदवारी केली, १८९५ पासून ट्यूबिंगनमध्ये आणि नंतर बासेलमध्ये पुस्तकांच्या दुकानांत काम केले. शिक्षण असे नाहीच. जे वाचले ते दुकानातल्या फळ्यांवरचे. पहिल्या कवितांनी आई दुखावली. त्यांत तिला पाप दिसले. १९०२ मध्ये ती वारली तेव्हा तो अंत्यविधीला गेला नाही. दोन वर्षांनी ‘पेटर कामेन्त्सिंड’ या कादंबरीने त्याला एकदम नाव आणि पैसा मिळवून दिला. त्याच वर्षी त्याने मारिआ बेर्नुली हिच्याशी लग्न केले आणि बोडन सरोवराकाठी गायेनहोफेनला संसार मांडला. १९०६ ची ‘चाकाखाली’ ही कादंबरी म्हणजे माउलब्रॉनची कहाणी, फक्त तिच्यातला मुलगा वाचत नाही.

*

१९११ च्या जुलैमध्ये हेसेला तिसरा मुलगा झाला, मार्टिन. सप्टेंबरमध्ये, मूल दीड महिन्याचे असताना, हान्स श्टुर्त्सेनेगर या चित्रकार मित्राबरोबर त्याने जेनोआहून पूर्वेकडे जाणारी बोट पकडली. तान्ह्या राहुलाला सोडून निघालेल्या राजपुत्राची कथा हेसेला माहीत होती. ती त्या वेळी त्याच्या मनात आली की नाही, याचा तर्क मी करत नाही. तारखा मात्र बोलक्या आहेत.

पेनांग, सिंगापूर, सुमात्रा आणि सिलोन असा प्रवास झाला. बेत मलबारला जायचा होता. आईचे जन्मगाव, आजोबांचा बंगला, वडिलांचे ठाणे पाहायचे होते. पण उकाडा, आजारपण आणि शीण यांनी तो खचला. कँडीच्या बौद्ध मंदिरातले कर्मकांड आणि गर्दी पाहून तो निराश झाला. सिलोनच्या सर्वांत उंच शिखरावर तो चढला, आणि तिथल्या ओक्याबोक्या, थंड कड्यांवर त्याला जाणवले की आपल्या मनाला आपले वाटते ते हेच, युरोपसारखे. मलबारला न जाताच तो वर्षाअखेरीस परतला. १९१३ मध्ये प्रवासाचे पुस्तक आले. त्याचे नाव होते ‘भारतातून’. भारताच्या मुख्य भूमीवर या माणसाचे पाऊल तेव्हाही पडले नव्हते आणि पुढेही पडले नाही.

या विसंगतीवर हसणे सोपे आहे. पण वारीला निघालेला माणूस चंद्रभागेच्या अलीकडून परत फिरला, तर आपण त्याला आधी काय झाले ते विचारतो. हेसेने स्वतःच पुढे कबूल केले की तो प्रवास म्हणजे पलायन होते. संसार नकोसा झाला होता आणि भारत हे त्या नकोसेपणाला दिलेले सोज्वळ नाव होते.

*

पलायनाची किंमत पुढच्या पाच वर्षांत चुकवावी लागली. महायुद्ध सुरू झाले. नोव्हेंबर १९१४ मध्ये हेसेने लेखक-कलावंतांना द्वेषाची भाषा सोडण्याचे आवाहन केले आणि जर्मन वृत्तपत्रांनी त्याला देशद्रोही ठरवले. बर्नमध्ये राहून तो युद्धकैद्यांना पुस्तके पुरवण्याचे काम करत होता. १९१६ च्या मार्चमध्ये वडील वारले. धाकटा मार्टिन गंभीर आजारी होता, पत्नीचे मन ढासळत चालले होते. हेसे स्वतः कोलमडला आणि ल्युत्सर्नजवळ युंगचे अनुयायी असलेल्या डॉ. लांग यांच्याकडे मनोविश्लेषणासाठी गेला. त्यातून १९१९ ची ‘डेमिआन’ आली, टोपणनावाने. तिला नवोदितांसाठीचे फोंटाने पारितोषिक मिळाले तेव्हा ते परत करावे लागले.

१९१९ च्या वसंतात घर मोडले. पत्नी रुग्णालयात होती. तिन्ही मुलगे इतरांच्या सांभाळाखाली ठेवून हेसे आल्प्सच्या दक्षिणेला टिचिनो प्रांतात माँटान्योला या खेड्यात एकटा राहायला गेला. मलबारच्या मिशनऱ्यांनी मारीला ठेवले, मारीने हेरमानला संस्थांत ठेवले, हेरमानने आपली तीन मुले ठेवली. तिन्ही वेळा कारण उदात्त होते.

त्या वर्षाच्या अखेरीस त्याने ‘सिद्धार्थ’ लिहायला घेतली. डॉइसनचे उपनिषदांचे भाषांतर, ओल्डेनबर्गचे बुद्धचरित्र, नॉयमानने केलेली बुद्धवचनांची भाषांतरे ही सामग्री त्याच्याजवळ वर्षानुवर्षे होती. पहिला भाग झरझर झाला. ब्राह्मणकुमार घर सोडतो, श्रमणांत जातो, गौतम बुद्धाला भेटतो आणि त्याच्यापुढे नतमस्तक होऊनही त्याचा शिष्य होत नाही. दुसऱ्या भागात तो शहरात जातो, कमला या गणिकेजवळ आणि कामस्वामी या सावकाराजवळ संसार शिकतो. १९२० च्या उन्हाळ्यात लेखणी थांबली. हेसेने रोजनिशीत त्याचे कारण स्वच्छ लिहून ठेवले आहे : सोसणारा, शोधणारा सिद्धार्थ मला लिहिता आला, कारण तो मी जगलो होतो; पोहोचलेला सिद्धार्थ लिहिता येत नाही, कारण तो अनुभव माझा नाही.

लेखक म्हणून हेसेचा मोठेपणा मला या कबुलीत दिसतो. उपनिषदांची भाषांतरे समोर होती, शैली हातात होती, प्रकाशक वाट पाहत होता. साक्षात्काराची चार पाने रचणे त्याला अवघड नव्हते. अनुभवावाचून बोलू नये हा दंडक आपल्या संतांनी घालून दिला. आध्यात्मिक कादंबऱ्या लिहिणाऱ्यांत तो पाळणारे थोडे. हेसेने सुमारे दीड वर्ष हस्तलिखित बाजूला ठेवले. या काळात तो एकांतात राहिला, चित्रे काढली, १९२१ मध्ये झुरिकजवळ खुद्द युंगकडे विश्लेषणाच्या बैठका केल्या. मग १९२२ च्या वसंतात कादंबरी पूर्ण झाली आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. पहिला भाग रोमाँ रोलाँ यांना अर्पण केला आहे, दुसरा जपानमध्ये राहणाऱ्या विल्हेल्म गुंडर्ट या मामेभावाला. म्हणजे अर्पणपत्रिकेतही घराण्याचे नाव आलेच.

*

या खंडानंतर लिहिलेल्या शेवटच्या प्रकरणांत काय आहे? आपण त्यांत ओंकार पाहतो, आणि तो तिथे आहेच. पण त्याच्या आधी ‘मुलगा’ या नावाचे एक प्रकरण आहे. माझ्या मते सगळी कादंबरी त्याच्यावर तोललेली आहे.

सिद्धार्थ आता वासुदेव नावाच्या नावाड्याबरोबर नदीकाठी राहतो. (मराठी वाचकाला हे नाव ऐकताच टोपलीत मूल घेऊन यमुनेत शिरलेला बाप आठवतो.) कमला मरते आणि तिचा त्याच्यापासून झालेला अकरा वर्षांचा मुलगा त्याच्याकडे येतो. मुलाला झोपडी नको, भात नको, हा शांत म्हातारा नको. सिद्धार्थ रागावत नाही, मारत नाही, फक्त प्रेम करतो, आणि ते प्रेमच मुलाला बेडीसारखे वाटते. तो बापाला तोंडावर सांगतो की तुझ्यासारखा साधू होण्यापेक्षा मी चोर होईन. आणि पळून जातो. सिद्धार्थची जखम भरत नाही. एके दिवशी नदीच्या पाण्यात त्याला आपला चेहरा दिसतो आणि तो कुणासारखा तरी वाटतो. तो चेहरा त्याच्या बापाचा असतो, ज्याच्या दारात रात्रभर उभे राहून त्याने घर सोडण्याची परवानगी मिळवली होती आणि ज्याच्याकडे तो पुन्हा कधी फिरकला नाही. मग नदी हसते.

पंधरा वर्षांच्या मुलाची ती जळती पत्रे ज्याने वाचली आहेत, त्याला इथे वेगळे काही सांगायला नको. पळणारा मुलगाही हेसे, मागे राहिलेला बापही हेसे. १८९२ मध्ये जो हिशेब सुरू झाला, तो वडिलांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, स्वतःची मुले सोडल्यावर, मिटला. ‘पोहोचलेला’ सिद्धार्थ लिहिण्यासाठी हेसेला जो अनुभव हवा होता तो समाधीचा नव्हता. आपणही कुणाचे तरी गुन्हेगार बाप आहोत, हे कळण्याचा होता.

आपल्याकडे या प्रश्नाची तीव्रता वेगळी सांगायला नको. विठ्ठलपंत संन्यास घेऊन काशीला गेले आणि गुरूच्या आज्ञेने परत आले. त्याचे मोल चार लेकरांनी ‘संन्याशाची पोरे’ हे बिरुद मिरवून चुकवले. घर सोडणाऱ्याची आपण पूजा करतो. मागे राहिलेल्यांची बाजू लोककथेत, ओव्यांत, बायकांच्या बोलण्यात शिल्लक राहते. मोक्षाच्या कथेत मागे राहिलेल्या मुलाला स्वतंत्र प्रकरण देणारी कादंबरी म्हणून ‘सिद्धार्थ’चे महत्त्व मला अधिक वाटते.

आणि नदी? ऐकून शहाणी करणारी, न बोलता शिकवणारी ही नदी गंगेपेक्षा लाओत्सेच्या पाण्याला जवळची आहे, हे अभ्यासकांनी दाखवले आहे. त्यातला एक धागा मला फार बोलका वाटतो. हेसेच्या वडिलांनी, त्या आजारी मिशनऱ्याने, १९१४ मध्ये लाओत्सेवर एक पुस्तिका लिहिली होती. ज्या बापाशी भांडण, त्याच्याच टेबलावर ते पाणीही होते.

१९३१ मध्ये आपल्या श्रद्धेविषयी लिहिताना हेसेने म्हटले की ‘सिद्धार्थ’मध्ये ज्ञानाला नव्हे तर प्रेमाला पहिले स्थान मिळाले आहे, आणि हे वळण भारतीय नसून ख्रिस्ती, किंबहुना खरेखुरे प्रोटेस्टंट वाटू शकते. आपल्या भक्तिपरंपरेला हे विधान अपुरे वाटेल. प्रेमाला अग्रस्थान देण्यासाठी पंढरपूरच्या माणसाला बासेलला जावे लागत नाही. पण हेसेच्या हाती आलेला भारत उपनिषदांचा आणि बौद्ध ग्रंथांचा होता; त्यात नामदेव-तुकाराम नव्हते. म्हणून आपल्या पुस्तकातले प्रेम त्याला आईवडिलांकडून आलेले दिसले, आणि त्याने ते ऋण मान्य केले. बंडखोर मुलाने घरी परत येण्याची ही रीत आहे.

*

पुढची कारकीर्द परिचित आहे. १९२७ ची ‘स्टेपनवुल्फ’, १९३० ची ‘नार्त्सिस आणि गोल्डमुंड’, १९३२ ची ‘पूर्वेची यात्रा’, आणि नाझी काळात लिहून १९४३ मध्ये झुरिकला छापलेली ‘काचमण्यांचा खेळ’. तिच्या अखेरीस दास नावाच्या राजपुत्राची एक भारतीय कथा आहे. तीतही गादीवरून दूर सारलेला मुलगा आहे आणि मायेत पाहिलेले पुत्रशोकाचे दुःख आहे. १९४६ मध्ये नोबेल मिळाले. १९५१ च्या इंग्रजी भाषांतरानंतर ‘सिद्धार्थ’ अमेरिकेतल्या घर सोडलेल्या तरुणांच्या झोळीत गेली. १९७२ च्या चित्रपटात आपल्या शशी कपूरने सिद्धार्थ उभा केला. हेसे तोवर हयात नव्हता. ९ ऑगस्ट १९६२ रोजी माँटान्योलाला त्याचे निधन झाले होते.

अनेक भारतीय भाषांत ती कादंबरी गेली. ती आपली आहे का, असे आता मला कुणी विचारले तर मी म्हणेन की तिच्यातली नावे आपली आहेत. दुःख काल्वमधल्या एका घरातले आहे. ते आपल्यालाही ओळखीचे वाटते, याला कारण अध्यात्म जितके आहे तितकेच घर आहे.

शाकारणीत ते कौल मी बाजूला काढून ठेवायला निघालो होतो. गवंडी म्हणाला, “चांगलं आहे, फुटलेलं नाही, वर चढवू या.” ते पुन्हा छपरावर गेले. खालून पाहिले तर त्याचा ठसा दिसत नाही.